खंडेनवमीची लाल पेटी

बाई,

काल मी तुमचा तास घेतला. तुमचाच म्हणायचा, कारण धडा तुमचा, वही तुमची आणि फळ्यावर यकृताची पेशी काढताना खडू आडवा धरायची खोडही तुमचीच. पोट रिकामं राहून रक्तातली साखर उतरली की स्वादुपिंडातून ग्लुकॅगॉन सुटतं, यकृताच्या पेशीला निरोप देतं आणि पेशी आपला साठा फोडून रक्तात साखर सोडते. इतकं शिकवून झालं की मी खडू खाली ठेवते आणि मुलांना एक खरी गोष्ट सांगते. एक बाई नवरात्राच्या नवव्या दिवशी उपवासात कोसळली. तिला तेच ग्लुकॅगॉन टोचलं, तरी ती उठली नाही, कारण यकृतात फोडण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती माझी आई होती, असं मी सांगते. तिने उपवास केला तर बिघडत नाही असं ज्यांनी सांगितलं त्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, तेही सांगते. तुमचं नाव घेत नाही, पण अलिबागेत कोणाला कळायचं राहतं. मुलं चुकचुकतात आणि हा धडा त्यांच्या कायमचा लक्षात राहतो. काल मात्र तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. किहीमची आहे, घरी आजीला इन्सुलिन तीच टोचते. तिने विचारलं, "मॅडम, बेशुद्ध पडायच्या आधी त्यांना घाम फुटला असेल, हात कापले असतील. तेव्हाच साखर का नाही दिली?" इतक्या वर्षांत वर्गातून हा प्रश्न आला नव्हता. मी म्हटलं, मी तेव्हा घरी नव्हते. ती खाली बसली आणि मी पुढचा मुद्दा घेतला.

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. असं म्हणणारी माणसं तुमच्या वर्गात बसलेली नसणार. कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी तुम्हाला जर्नल तपासायला दिलं, तेव्हा तुम्ही ते दोन बोटांत धरून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलंत आणि म्हणालात की आधी याला ऊन दाखवा, मग मी वाचते. आमचं घर रेवदंड्याच्या कोळीवाड्यात, एकच खोली, माझी पुस्तकं ज्या फळीवर त्याच फळीखाली सुकटीचे डबे. वास येणारच. सगळा वर्ग हसला. एक मुलगी तर इतकी हसली की तिला ठसका लागला आणि तिला पाणी द्यायला तुम्ही मलाच पाठवलंत. मी पाणी आणून दिलं. तुम्हाला ते आठवतही नसेल, पण मला त्या पेल्याचा रंग आठवतो. त्या दिवसापासून मी तुमच्या विषयात कधी दुसरी आले नाही. तुमच्यावर प्रेम होतं म्हणून नव्हे, तुमच्या तोंडाला कुलूप लागावं म्हणून.

आणि शिकवायचात मात्र असं की राग धरायला जागा उरू नये. ग्लुकॅगॉनचा धडा तुम्ही फळ्यावर शिकवलाच नाहीत. आम्हा मुलींना रांगेत उभं केलंत. मी ग्लुकॅगॉन. मला दाराबाहेर ठेवलंत आणि सांगितलंत की तू आत यायचं नाहीस, हे हार्मोन पेशीच्या आत कधी जातच नाही, ते दारावरच्या रिसेप्टरच्या हातात हात देतं आणि त्याचं काम संपतं. आतल्या मुलीने तो निरोप पुढे दिला, तिने सायक्लिक एएमपी नावाचे चार निरोपे उठवले, त्यांनी किनेज नावाच्या आठ जणींना जागं केलं, आणि बघता बघता एका माझ्या हाताच्या दाबाने अख्खा वर्ग कामाला लागला. एका बाजूला साठवणीचं कपाट बंद करणारी मुलगी, दुसऱ्या बाजूला ग्लायकोजेनच्या माळेतून साखरेचा एकेक मणी तोडणारी मुलगी. मी दारातूनच हे सगळं बघत होते. तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात, हिच्या घरी पावसाळ्यासाठी सुकटीची बेगमी करतात ना, होड्या बंद झाल्या की डबा उघडायचा, यकृताचं ग्लायकोजेन म्हणजे तीच बेगमी. पुन्हा हशा. पण मला तो धडा असा समजला की आजही झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणखी एक गोष्ट समजली, जी तुम्हाला शिकवायची नव्हती. माझी आई तेव्हा दहा वर्षं चौलात तुमच्या वाडीवर मासे द्यायची, पण मागच्या दारापलीकडे ती कधी गेली नव्हती. निरोप द्यायचा, आत पाऊल टाकायचं नाही, हे आमच्या घरी आधीच पाठ होतं.

आईला मधुमेह निघाला तेव्हा मी एम.एस्सी.ला होते. गोळ्यांनी भागेना म्हणून इन्सुलिन लागलं. आमच्याकडे फ्रिज नव्हता, ती बाटली मासळीच्या बर्फाच्या पेटीत राहायची आणि सुई टोचताना तिच्या मांडीला पापलेटचा वास यायचा. एकदा पाटी डोक्यावर घेऊन फिरताना ती तुमच्याच मागच्या दारात घेरी येऊन बसली. तुम्ही तिला गूळ खायला घातलात, आणि दुसऱ्या दिवशी मला बोलावून ती लाल पेटी दिलीत. तुमच्या यजमानांसाठी परदेशातून आलेली, ते गेल्यावर तशीच राहिलेली. आत ग्लुकॅगॉनच्या पावडरची कुपी, पाण्याची सिरिंज. माझ्या हातून चूक होऊ नये म्हणून वाडीतल्या केळ्यांवर मला सराव करायला लावलात. केळं वाया गेलं की तुम्ही ओरडायचात. सहावं केळं जमलं तेव्हा म्हणालात, आता तुझी आई मरत नाही. हे तुमचे शब्द आहेत, बाई. मी कमीजास्त केलेले नाहीत.

आईने ती पेटी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली. तिला कितीदा सांगितलं की हे औषध आहे, पण ती म्हणाली, "ही पन देवीच हाय. हिला पन कुंकू लाव." आणि रोज सकाळी देवीबरोबर त्या पेटीलाही हळदकुंकू लागू लागलं. मला हसू यायचं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटायचा. देवीला आमच्या घरी आजवर कोणी पाहिलं नव्हतं. ही दुसरी देवी कशी पावते ते मला पायरीपायरीने माहीत होतं.

मग आपल्याच कॉलेजात जागा निघाली. मुलाखत दसऱ्यानंतरच्या सोमवारी होती. पोरीला नोकरी लागू दे म्हणून आईने चौलच्या देवीला नऊ दिवसांचा उपवास बोलला. पहिले सहा दिवस एकदा रताळं, शेवटचे तीन दिवस नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. मी घाबरले आणि तुमच्याकडे आले. तुम्ही सुपाऱ्या मोजून घेत होतात, मान वर न करता म्हणालात, "करू दे गं तिला. मीही करते. इन्सुलिन निम्मं घ्यायला सांग. आणि पेटी आहे ना घरात?" मी तेच ऐकायला आले होते. तुमच्या तोंडून ऐकलं म्हणजे ते शास्त्र झालं. ज्या बाईने मला बेगमी शिकवली, तिने एकदाही विचारलं नाही की तीन दिवस होडी बंद आणि डबा खरवडलेला असताना दारावर थाप मारून काय उपयोग. त्यातून निम्मं का होईना, इन्सुलिन अंगात होतं, आणि ते यकृताला नेमकं उलटं सांगत असतं, दार लाव म्हणून. रिकाम्या पोटी यकृत अंगातल्या मांसातून नवी साखर करतं खरं, पण ते काम सावकाशीचं, आणि इन्सुलिन तेही रोखून धरतं. हे सगळं तुमच्या वहीत होतं. पान बेचाळीस.

नववा दिवस म्हणजे खंडेनवमी. तुम्ही कॉलेजच्या प्रयोगशाळेत मायक्रोस्कोप पुसून त्यांना झेंडू वाहायचात. आमच्याकडे मासे कापायचा कोयता, तोलायचा ताजवा, जाळ्याचा एक तुकडा आणि माझी पुस्तकं मांडली होती, आणि मधोमध आईने लाल पेटी ठेवली होती. सकाळी पूजा झाली. दुपारच्या आधी ती भिंतीला टेकून बसली होती ती एका बाजूला कलली. डोळे उघडे, पण हाकेला ओ नाही, अंग घामाने भिजलेलं. मी पूजेतून पेटी उचलली. टोपणावर कुंकू होतं, ते माझ्या बोटांना लागलं. पावडर विरघळली, मांडीत सुई गेली, केळ्यावर जमली होती तशीच, एक थेंब वाया गेला नाही. तुम्ही पंधरा मिनिटं सांगितली होतीत. मी घड्याळासमोर बसले. आत्ता निरोप दारावर पोचला असेल, आत्ता निरोपे उठले असतील, आत्ता माळ तुटायला लागली असेल, असं मी मनात म्हणत होते. वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. मग शेजारच्यांनी रिक्षा आणली. अलिबागला पोचेपर्यंत पाऊण तास गेला. तिथे शिरेतून ग्लुकोज दिलं, साखर वर आली, पण आई आली नाही. अकरा दिवस ती नुसती श्वास घेत होती आणि मग तोही थांबला.

मधल्या सोमवारी मी मुलाखतीला गेले. हो, गेले. आई तशी पडलेली असताना लुगडं नीट नेसून गेले. तुम्ही समितीत होतात, मला ग्लुकॅगॉनवरच विचारलंत, माझ्या तोंडून ते छान निघतं हे तुम्हाला माहीत होतं म्हणून. मी सगळं सांगितलं. नोकरी लागली. देवीने ऐकलं असं कोळीवाड्यात आजही म्हणतात. तुम्ही भेटायला आलात तेव्हा पहिल्यांदा आमच्या घरात पाऊल टाकलंत, चटईवर बसलात आणि म्हणालात की तिची वेळच आली होती. मी मान हलवली. नोकरी पक्की व्हायला दोन वर्षं होती आणि माझा गोपनीय अहवाल तुम्ही लिहिणार होतात. पाण्यात राहून माशाशी वैर कोण करतं, आणि आमच्याइतकं ते कोणाला कळणार. पुढे सहा वर्षं मी तुमच्या शेजारच्या टेबलावर बसले, तुमच्या डब्यातली ओल्या काजूची उसळ खाल्ली, तुमच्या निवृत्तीला मीच भाषण केलं. चांगलं झालं होतं भाषण. तुम्ही रडलात.

तुमचं खुब्याचं हाड मोडलं आणि तुम्ही अंथरुणाला खिळलात, तेव्हा मी चौलला आले. माणसाला उठून जाता येत नसेल तेव्हाच त्याच्याशी बोलावं, असं मी ठरवूनच आले होते. पुढच्या दाराने आले. तुम्हाला सांभाळणारी बाई चहा ठेवायला आत गेली. मी तुमच्या उशाशी बसून तोंडी परीक्षा घेतात त्या आवाजात म्हटलं, "बाई, रुग्णाला ग्लुकॅगॉन टोचलं आणि साखर चढली नाही. कारण सांगा." तुम्हाला वाटलं, तुमचा वेळ जावा म्हणून मी आले. तुम्ही उत्साहाने रिसेप्टरपासून सुरुवात केलीत. मी म्हटलं, रुग्ण तीन दिवस नुसत्या पाण्यावर आहे. तुम्ही म्हणालात, मग साठाच नाही. म्हणालात आणि थांबलात. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी म्हटलं, आणि तुमच्या खिडकीतून तुमची विहीर दिसत होती तिकडे बघत राहिले. तुमचा चेहरा कसा होत गेला ते मला बघायचं होतं, पण तेवढं धैर्य माझ्यात नव्हतं. मग तुम्ही म्हणालात, "मला माहीत होतं गं. तेव्हा आठवलं नाही." इतकंच. सबब नाही, देवी नाही, वेळ आली होती नाही. मला वाटलं होतं तुम्ही भांडाल. भांडला असतात तर बरं झालं असतं.

मी उठले तेव्हा तुम्ही माझा हात धरलात. जखडून पडलेल्या माणसाचा हात, पण परीक्षक तुमच्यात अजून जिवंत होता. तुम्ही विचारलंत, "कोसळायच्या आधी तिनं काही मागितलं होतं का?" मी म्हटलं नाही. मी घरी नव्हते. तुम्ही हात सोडलात. त्यानंतर तुम्ही सव्वा महिना होतात. तुमच्या त्या बाईने नंतर मला कॉलेजात वही आणून दिली आणि म्हणाली, "रोज ही उघडून बसायच्या. घास पुढं केला तर तोंड फिरवायच्या. मी किती सांगितला, पन न्हाय." पान बेचाळीसवर, जिथे यकृताची पेशी काढलेली आहे, तिच्या बाजूला तुमच्या वाकड्या झालेल्या अक्षरात लिहिलं होतं: उपवासात साठा संपलेला असतो, इंजेक्शनचा भरवसा धरू नये. हे मी तिला सांगितलं नाही. चूक माझी.

हे पान मी दरवर्षी वर्गात फिरवते, बाई. बाकाबाकावरून हातोहात. चुकीची किंमत काय असते ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं म्हणून, असं मी सांगते. ज्या वर्गात तुम्ही माझ्या जर्नलला ऊन दाखवायला लावलंत, त्याच वर्गात तुमची वही फिरते आणि मुलं ती दोन बोटांत धरतात. मला त्याचं समाधान वाटतं. वाटायचं. कालपर्यंत.

त्या दिवशी मी घरीच होते. पूजा होऊन तासभर झाला होता आणि मी मुलाखतीची उजळणी करत होते. पुस्तकं पूजेत होती, म्हणून तोंडपाठ. आईने हाक मारली. "पोरी, मना जरा साकरचा पानी दे. हात बघ कसं कापतान." मी बघितले. कापत होते. कपाळावर घाम होता. याला काय म्हणतात ते मला चार भाषांत सांगता आलं असतं. मी म्हटलं, आये, आठ दिवस काढलेस, आता संध्याकाळच्या आरतीपर्यंत थांब, माझ्यासाठी बोललेला उपवास एवढ्यासाठी मोडू नकोस. तिने पुन्हा मागितलं नाही. ती तशीही कुठे दोनदा मागायची. मला नोकरी हवी होती, आणि देवीवर विश्वास नाही म्हणणाऱ्या मला त्या एका सकाळी देवीचा व्यवहार मोडायची भीती वाटली. आणि बाई, पेटी घरात होती. काही झालंच तर तुमची साखळी कशी चालते ते एकदा डोळ्यांनी बघायला मिळेल, हाही विचार माझ्या मनाला शिवून गेला होता. तो किती वेळ टिकला हे मी मोजलेलं नाही.

पूजेपुढे नैवेद्याला वाटीभर साखर ठेवली होती. पेटी उचलताना माझं मनगट त्या वाटीला लागलं आणि थोडी साखर पाटावर सांडली. ती मी नंतर हाताने गोळा करून पुन्हा वाटीत टाकली.

तुम्ही विचारलं होतंत, म्हणून लिहिलं. त्या किहीमच्या मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. हा कागद तुमच्या वहीत, पान बेचाळीसपाशी ठेवावा असं मनात आलं होतं. पण गुरुवारी दुसऱ्या तुकडीचा तास आहे आणि वही फिरायची आहे, म्हणून मी तो तिथे ठेवत नाही.